पितृपक्षात आलेला प्रोसेसर

“बाबा, आज लॅपटॉप घेतल्याशिवाय मी इथून हिलणार नाही, बस!” जबलपूरच्या विजय नगरातल्या दुकानात माझी लेक अशी ओरडली, की तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला रांझीत फॅक्टरीचा भोंगा वाजला समजून लोक डबे उचलून घरी निघाले असतील.

तिचा जुना लॅपटॉप बंद पडला होता आणि सोमवारी कॉलेजात इमारतीचं थ्रीडी मॉडेल द्यायचं होतं. नवा लॅपटॉप आम्ही आधीच पसंत केलेला, पण मध्ये पितृपक्ष लागला, तो संपल्यावर आज दुकान गाठलं. आमच्याकडे त्या पंधरवड्यात सुईसुद्धा विकत घेत नाहीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत एका कंपनीनं जास्त वेगाचा प्रोसेसर जाहीर केला. दुसरी लगेच म्हणाली, आमचा त्याहून तेज! आमचे पितर पानावर बसण्याचीच जणू दोघी वाट पाहून राहिल्या होत्या.

“अंकल जी, ये तो पुराना हो गया,” दुकानदार म्हणाला. “नया दिवाली पे आएगा. रॉकेट है, रॉकेट!”

“मग दिवाळीला घ्यावा काय?”

“दिवाली के बाद दूसरी कंपनी का आएगा. वो इससे भी तेज.”

अर्ध्या जबलपूरला बोलण्यात गार करणारा मी, पण त्यानं दोन वाक्यांत मलाच गार केलं. शेवटी म्हणालो, “दिवाळीपर्यंत थांबू.” लेक गाडीवर जाऊन बसली.

सोमवारी ती घरी आल्यावर विचारलं, “काय झालं मॉडेलचं?”

“मैत्रिणीच्या लॅपटॉपवर अर्धं झालं. तेवढंच दिलं.”