चिंधीत बांधलेलं फळ

एटापल्लीच्या पलीकडच्या त्या गावात मी शाळेमागे स्ट्रॉबेरी लावली, तेव्हा गाव हसलं. गावदेवाचं पाहणारा म्हातारा भूमया तर वाफ्याच्या कडेला बसूनच हसला.

"आवळा मेला का गुरुजी? बोरं मेली का? हे एवढंसं फळ कायले?"

त्याला काय सांगणार? मी माजरीच्या खाणवस्तीत वाढलो. अक्षरं गिरवली ती पाटीवर कमी आणि खाणीच्या फाटकावर वाटल्या जाणाऱ्या युनियनच्या पत्रकांवर जास्त. मजुराच्या पोराला फळ का नाही, असं त्यांत ठळक छापलेलं असे. आमच्या वस्तीत आवळा नव्हता, बोर नव्हती. कोळशाची भुकटी होती. धाकट्या बहिणीच्या हिरड्यांतून रक्त येई आणि ती ते गिळून टाकी. पत्रकं प्रश्न विचारून थांबत. मला उत्तर हवं होतं: दारातल्या गंजक्या डब्यातही येईल असं फळ.

महाबळेश्वरच्या मळ्यात काम करणाऱ्या एका मित्राने दिवाळीनंतर दोन जातींची रोपं ओल्या शेवाळात बांधून धाडली. एकीचं फळ मोठं पण पाणचट. दुसरीचं करवंदाएवढं, आंबट. भाताच्या पेजेत रस मिसळून वरून जखमेचं आयोडीन थेंबथेंब सोडलं, की हिरड्यांना लागणारं क जीवनसत्त्व रसात असेतोवर पेज निळी होत नाही. मोठ्या फळाची पेज लगेच निळी झाली. बारक्याची होता होईना. मी एकटाच शाळेत ओरडलो, "पाहा!" पाहायला भिंतीवरची पाल होती.

दोघींचा संकर करायचा, मोठं आणि कसदार फळ मिळवायचं, असं ठरवलं. मोठ्या जातीच्या कळ्या उमलायच्या आत चिमट्याने त्यांचे पुंकेसर काढले, बारक्या जातीचे पराग लावले आणि माश्या बसू नयेत म्हणून प्रत्येक फुलावर धोतराच्या चिंधीची पिशवी बांधली. संध्याकाळी पोरं घरी गेली, की त्या पिशव्यांशीच बोलायचो. गावात सगळे माडिया बोलत. मला ती मोडकीतोडकी येई. माणसं प्रेमळ होती, पण हिरड्या आणि पराग यांवर बोलायला तिथे कोणी नव्हतं.

एवढ्यात बाकीच्या झाडांची फळं लाल झाली. मी पोरांपुढे टोपली ठेवली. एकाही पोराने हात लावला नाही.

"पंडुम नाई झाला, गुरुजी," एक मुलगी म्हणाली.

नवं फळ आधी देवाला द्यायचं, तो सण म्हणजे पंडुम. मग माणसांनी खायचं. आंब्याचंही तसंच. मी भडकलो. दगडाला हिरड्या नसतात, पोरांना असतात, असं ताडताड बोललो. भूमयालाही सुनावलं: देवाला एक फळ देणार नाही. तो म्हणाला, "नका देऊ. तुमचं हाय." पोरं मात्र खाईनात. ती टोपली दिवसचे दिवस मी एकट्याने खाल्ली. इतकं बेचव फळ मी कधी खाल्लेलं नाही.

संकराची फुलं एकेक करून करपली. टिकलं एक. चिंधीतून त्याची लाली दिसायला लागली, आणि नेमकं मला शाळेच्या कामाने अहेरीला जावं लागलं.

परतलो तो शाळेपुढे कल्ला. पोरांची तोंडं लालभडक. भूमया धावतच आला.

"भलं केलं गुरुजी! रागावता, पन मन साजरं हाय तुमचं."

"काय केलं मी?"

"सांगाले लाजता काऊन? सारी उघडी ठेवली, एकाले कापड बांधून अलग ठेवलं. देवाचंच असं ठेवतेत. पिकलं, मी नेऊन देल्लो. आता पोरं खाऊन राह्यले, पाहा ना!"

"ते परत आणता येईल?"

तो मनापासून हसला. "देल्लेलं मांगते का कोनी?"

मी एकटाच मोहाच्या झाडाखालच्या देवाच्या ठाण्याकडे गेलो. पळसाच्या पानावर ते फळ होतं, शेजारी सोडलेली चिंधी. मोठं, गडद, अंगभर बारीक पिवळं बी. संकराचं तेवढंच बी. पुढच्या हिवाळ्यात त्यातून रोपं निघाली असती, एखादं माजरीला डब्यात लागलं असतं. हात लांब करायचा होता, बस. देव मी मानत नव्हतो. आजही मानत नाही. पण फळ नाहीसं झालेलं भूमयाला सकाळी दिसलं असतं. मग टोपली पुन्हा माझ्यापुढेच राहिली असती.

बहिणीची आठवण इतकी आली की उकिडवा बसून राहिलो. कुठल्याच पत्रकात, कोणाच्या पोराचं तोंड आधी, हे छापलेलं नव्हतं.

मुंग्या आल्या. त्यांनी देठाकडून सुरुवात केली. शाळेकडून पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं. टोपलीतल्या शेवटच्या फळावरून भांडण लागलं होतं. मी चिंधीचा तुकडा तेवढा उचलून खिशात घातला.

चैत्रात ऊन चढलं तशी रोपं एकामागून एक जळाली. मी त्यांना शेवटपर्यंत पाणी घातलं.