मध्येच बोलणारी

ग्रामसभेत सरपंच उभ्यानं नळयोजनेचा अहवाल वाचत होते. पायरीवर लेकीचे केस विंचरत बसलेली शांताबाई हात न थांबवता म्हणाली, "पण आमच्या आळीत पाणी कुठंय?"

"मध्ये बोलू नका, बाई."

"शेवटी बोलायचं म्हटलं, तर तुम्ही उठून जाता."

सभेत असं टोकणाऱ्याला इंग्रजीत हेकलर म्हणतात. मला तो शब्द शिवीसारखाच वाटायचा. परवा वाचलं, मूळचे हेकलर म्हणजे तागासारखे धागे फणीनं विंचरणारे कामगार. काम करता करता ते बातम्या ऐकत, वाद घालत आणि सभांमध्ये पुढाऱ्यांना प्रश्न विचारत.

"आई, दुखतंय!" लेक कळवळली.

"गुंता आहे, दुखणारच."

सरपंचांनी अहवाल मिटला, खुर्ची पुढे ओढली आणि बसत विचारलं, "कुठली आळी म्हणालात?"