कव्हर उघडं कोणी ठेवलं

राजस्थान बॉर्डरवरची ती माझी शेवटची पोस्टिंग. मी फौजेत हवालदार, वर्कशॉपमधला एसी मेकॅनिक. हाताखाली नाईक बालाजी, फटाक्याच्या कारखान्यांच्या तेरखेड्याचा. मी येरमाळ्याचा, म्हणजे शेजारचाच. आमच्या वर्कशॉपमध्ये साहेबाला 'होणार नाही' म्हणायची पद्धत नव्हती. 'हो जाएगा, साहब' एवढंच उत्तर. मला त्याचा भारी अभिमान होता.

मे महिना. दुपारी दोनला सिग्नल केबिनचा एसी बंद पडला. एमसीबीचा खटका चढवला की पडायचा. आत वायरलेस सेट तापत होते.

बाहेरच्या कॉम्प्रेसरचं कव्हर खोलून बालाजी म्हणाला, "उस्ताद, बॉडीला शॉर्ट झालाय वाटतं. मीटर लावून बघतो. धा मिनटं द्या."

करायचं तेच असतं. सप्लाय तोडायचा, कपॅसिटर डिस्चार्ज करायचा, मग वायर जोडायचं टर्मिनल आणि तांब्याचा पाइप यांच्यात रेझिस्टन्स मोजायचा. शॉर्ट निघाला की कॉम्प्रेसर बाद. त्याला परत करंट द्यायचा नाही. आतल्या दाबानं टर्मिनल उडतं आणि तेलासकट गॅस पेटतो. हे इतरांना मीच शिकवायचो.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर कॅप्टनसाहेब आले. "एसी कब तक?"

"पाँच मिनट, साहब. हो जाएगा."

मी बालाजीला म्हणालो, "मीटर राहू दे. कव्हर उघडंच ठेव. मी एमसीबी चढवतो, तू वायरीवर क्लॅम्प धरून करंट बघ."

"आमच्या तेरखेड्यात फटाक्याला बत्ती लावली की मागं पळत्यात, उस्ताद. तुमी म्होरं बसवताय," तो हसला. आणि बसला.

दोन वीसला मी एमसीबी चढवली. मोठा आवाज झाला. जाळ सरळ त्याच्या तोंडावर गेला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तो वारला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, कव्हर उघडं कोणी ठेवलं; ते लावलेलं असतं तर जाळ आतच अडला असता. मी सांगितलं, "मैंने बंद करने को बोला था, साहब." निष्काळजीपणाचा ठपका बालाजीवर बसला. मी पेन्शन घेऊन घरी आलो. आता येरमाळ्याला हायवेवर दुकान आहे. शॉर्ट कॉम्प्रेसर आला की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, होणार नाही. तेव्हा साहेबाला तसं म्हणायला जीभ का रेटली नाही, याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात तेरखेड्याला गेलो. बालाजीच्या आईला सगळं खरं सांगितलं. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता, शेजारी वडिलांचा.

तिनं नवऱ्याच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "लई उशीर केलात तुमी. ह्ये मरंस्तोवर म्हणायचे, चूक आपल्याच पोराची."