पाठ न दाखवणारे मामा

उभ्या रत्नागिरीत कधीच कोणाला पाठ न दाखवलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो शूर होता म्हणून नव्हे. माझ्या आईचे हे मावसभाऊ वीस वर्षे एका संगीत नाटक मंडळीत नायिका होते. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हा रंगभूमीचा नियम त्यांच्या हाडांत असा मुरला की मंडळी बुडाली, बोलपट आले, लांब केस जाऊन टक्कल पडले, तरी तो सुटेना. स्वयंपाकघरातून बाहेर यायचे तेसुद्धा आईकडे तोंड ठेवून, मागच्या मागे. एकदा असेच सरकत येऊन ते ओटीवर वाळत घातलेल्या आंबोशीच्या फोडींत बसले आणि पदर सावरावा तसे उपरणे सावरून म्हणाले, "ताई, प्रवेश चुकला." देवळात तर विचारूच नका. समोर देव, मागे भटजी, म्हणून मामा कुर्ली खेकड्यासारखे तिरपे उभे.

मी हसत असे, पण ते हसू फार टिकत नसे. ज्यांनी त्यांच्या एका तानेसाठी अंगावरच्या शाली उतरवून दिल्या, तेच वकील आणि जमीनदार आता भर बाजारात विचारत, "काय बाई, कुठे निघालात?" आणि हे गृहस्थ मान लववून उत्तर देत, "भाजीला, रावसाहेब." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. मी तेव्हा बावीस वर्षांचा, अस्पृश्यतेविरुद्ध पत्रके काढणारा. वाकलेला माणूस दिसला की मला छापखाना आठवे.

पुढे यांतल्याच एका रावसाहेबांना उपरती झाली आणि मामांचा सत्कार ठरला. मैदानावर मांडव, आणि शेवटी मामांचे गाणे. महारवाड्यातल्या मंडळींना सगळ्यांबरोबर मांडवात बसवा, अशी आम्ही मागणी केली. उत्तर आले, "नेहमीसारखे मागे बसतील." मागे म्हणजे रंगमंचाच्या पाठीमागे, कनातीपलीकडे, काजूच्या झाडांखाली. गावात मामांचा खेळ लागला की ते तिथेच बसत. इतकी वर्षे त्यांनी मामांना ऐकले, पाहिले कधीच नाही.

मी मामांना बजावले, सत्काराला जायचे नाही.

"दहा वर्षं झाली रे, कोणी गा म्हणालं नाही," ते म्हणाले. "गळा आज आहे. उद्याचं कोण सांगणार? जाऊ दे ना मला."

"आणि त्या माणसांना गुरांसारखं मागं बसवतात, ते?"

"त्यांची वाहवा बरोब्बर समेवर येते हो. पुढच्यांची एक मात्रा उशिरा. शेजाऱ्याचं बघून देतात मेले."

एवढे कळून हा माणूस जाणारच होता. मी उठलो तो थेट छापखान्यात. 'लुगड्यातला गुलाम' हे पत्रक माझे. सत्काराच्या दिवशी चार वाजता मांडवाच्या दाराशी मी ते वाटले. मामांच्याही हातात एक कोंबले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि माझ्याकडे तोंड ठेवून मागे मागे आत गेले.

हार झाले, भाषणे झाली. पेटीचा सूर लागला तसे मामा उठले. मागच्या पडद्याची दोरी त्यांनी स्वतः ओढली, पलीकडच्या कनातीच्या गाठी सोडल्या, आणि खुर्च्यांकडे पाठ करून काजूखालच्या माणसांपुढे गायला बसले.

"हाच काय गो तो?" एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. "ह्याला टक्कल हाय."

रावसाहेब उठले, त्यांच्यामागोमाग एकेक खुर्ची रिकामी झाली. मामांना ते दिसलेच नाही. काजूखालून वन्समोर आला होता.

त्यानंतर त्यांना देवळातल्या भजनालाही कोणी बोलावले नाही. पुढच्या पावसाळ्यात घसा बसला, तो सुटला नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते खाटेवर होते. उशाशी माझे पत्रक, त्यावर काढ्याचा पेला.

"चूक आहे तुझ्या कागदात," ते कुजबुजले. मी मान खाली घातली. "लुगडं नव्हतं रे. पैठणी असायची." मग कागदावरचा पेला सरकवून, "गुलाम तेवढा खरा."

मला पोचवायला त्यांना उठवेना, म्हणून कुशीवर वळून त्यांनी तोंड माझ्याकडे केले. मीही मग मागे मागे उंबऱ्याबाहेर गेलो आणि ओटीवरच्या सुपात पाय देऊन आदळलो.

"प्रवेश चुकला," आतून घोगरा आवाज आला. त्यांचा आवाज मी ऐकला तो तेव्हाच शेवटचा.