निरंक

कोंबड्यांना मानमोडीची लस टोचायला मी सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात गेलो, तेव्हा ती म्हातारी भेटली. स्वराज्य नवं होतं, माझी नोकरीही नवी होती. त्यामुळे लोकांना अक्कल वाटण्याची हौस दांडगी.

"कोंबड्या किती?" मी फॉर्म उघडून विचारलं.

"हायेत. जितं जनावर मोजू नाई, भाऊ. नजर लागते."

मी बोटानं मोजायला लागलो, की ती पदर झटकायची आणि कोंबड्या अंगणभर उधळायच्या. असं तीनदा झालं. मग मी अंधश्रद्धेवर एक उत्तम भाषण दिलं, आकड्याशिवाय लस मिळत नाही असं बजावलं आणि सरकारी नियमाची इभ्रत राखून परत आलो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तर अंगणात नुसती पिसं. माना वाकड्या होऊन एकेक गेली होती. म्हातारी एका उपड्या डालग्यावर हात ठेवून बसली होती.

"आता लिहा, भाऊ. मेलेल्या मोजाले काई हरकत नाई."

तुरेवाली, लंगडी, खुडुक बसलेली... बोटांच्या पेरांवर तिनं चौदा मोजल्या. माझ्या फॉर्मात मेलेल्यांचा रकानाच नव्हता. सरकारला जिवंत कोंबड्यांचीच काय ती काळजी.

"डालग्याखाली काय आहे?"

"काईच नाई."

ते 'काईच नाई' आतून कुरकुरलं.

मी रकान्यात 'निरंक' लिहिलं, डालगं हळूच उचललं आणि त्या निरंकाच्या पंखात सुई टोचली.