दादाचा कोट

गळ्यात कॅमेरा लटकवून कर्जत-खालापुरात फिरा, किस्से शोधावे लागत नाहीत. ते अंगावर येतात! कॅमेऱ्याकडे बघून हसणारं माणूस मला अजून भेटायचंय. सगळे आधी एकच विचारतात, "कोनी पाठवलं रं तुला?"

पाठवलं कोणीच नाही. गणपतीच्या आधी माझा दादा बाईकच्या अपघातात गेला. तेराव्याच्या फ्लेक्ससाठी त्याचा एकट्याचा फोटो सापडेना. शेवटी लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्याचं तोंड कापलं आणि फ्लेक्सवाल्यानं खाली काळा कोट चिकटवला, टायसकट. दादानं जन्मात कोट घातला नव्हता! आई नाक्यावर त्या फ्लेक्सपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोण?"

तेव्हाच ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. निदान आईचा तरी एक नीट फोटो घरात पाहिजे.

*

कॅमेरा जुना, मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एका पोराचा. एवढा स्वस्त देतोय म्हणजे चोरीचा असणार, असं मला वाटलं. बघायला म्हणून मी उजेडाकडं निघालो, तर त्याला वाटलं मीच घेऊन पळतोय. माझे पैसे माझ्या मुठीत, कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या मुठीत. आधी कोण सोडणार?

माझा दोस्त पिंट्या टेंपोतून ओरडला, "अरे, कॅमेरा घेताय का कबड्डी खेळताय?"

*

कळंबला बांधावर एक बगळा बसलेला. मी पोटावर झोपून फोकस करत होतो. मागून काठी टेकत एक बाबा आले.

"कंच्या रिसॉर्टवाल्याचा तू? जमीन इकायची नाय."

"बाबा, मी बगळ्याचा फोटो काढतोय."

"आधी बगळ्याचाच काढत्यात. मग बांधाचा. मग मोजणीवाले येत्यात!"

बगळा उडाला. बाबा मी टेंपोत बसेपर्यंत हलले नाहीत.

*

कर्जतच्या बाजारात रानभाजी विकणारी एक मावशी. मी कॅमेरा उचलला, तिनं टोपलीवर पदर टाकला.

"बाजाराची पावती फाडतो काय?"

"नाय गं मावशी, फुकट काढतोय."

"फुकट?" तिनं टोपलीच उचलली. "मंग तर अजिबात नको!"

*

खोपोलीच्या रस्त्यावर एका वडेवाल्याचा फोटो काढला. मी बटण दाबायला आणि त्यानं घरगुती सिलिंडरवर पोतं टाकायला एकच गाठ पडली. फोटो बघून पिंट्या म्हणाला, "माणूस हललाय. पोतं मात्र झकास आलंय!"

*

एवढं फिरलो, पण आई काही फोटोला बसेना. कॅमेरा दिसला की मोरीत जायची. एकदा उंबऱ्यातच अडवली.

"माझा कशाला? माझ्या पन फ्लेक्सची तयारी का रं?"

मी कॅमेरा फडताळात ठेवून दिला.

परवा सकाळी तीच बाहेर आली. चांगलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. ओटीवरच्या बाकड्याच्या एका टोकाला बसली.

"काढ."

"आई, मध्ये सरक ना."

"नाय."

"अगं, अर्धा फोटो रिकामा येतोय!"

"येऊ दे. त्या फ्लेक्सवाल्याला कोट चिकटवता येतो, मंग मानूस नाय चिकटवता येनार? हितं बाजूला बसवाय सांग त्याला." ती पुन्हा समोर बघायला लागली.

"आन् आधी तो कोट काढाय सांग."