बरं हाय म्हणजे किती बरं?

‘बरं हाय’ या शब्दांवर अक्कांचा काडीचाही विश्वास नव्हता. नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात आम्ही दोघी नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम पाहायचो. डॉक्टरांनी तब्येत विचारली की पेशंट हात जोडून तेच म्हणायचा. एवढ्या मोठ्या माणसापुढं रडगाणं कसं गायचं? मी तसंच लिहून घ्यायला लागले की अक्का माझा पेन धरायच्या. “माणूस डॉक्टरचं मन राखून राह्यला गं. गोळीचं खरं अजून आलंच न्हाई.”

मग त्या बाहेरच्या बाकड्यावर पेशंटच्या शेजारी जाऊन टेकायच्या. त्रास होतो का, असं चुकूनही विचारायच्या नाहीत. “काल भाकर किती खाल्ली? रात्री कितींदा उठले?” एवढंच. घटकाभरात मळमळ, चक्कर, सगळं बाहेर यायचं.

घनसावंगीकडच्या एका आजोबांच्या गोळ्या वेळेआधीच संपल्या. मी हरवल्या का म्हणून उलटतपासणी सुरू केली, तर अक्कांनी मला चहा आणायला पिटाळलं. परत येते तो आजोबा सांगत होते, “भावजयीचे बी गुडघे दुखतेत, बाई. एकट्यानं कसं खावं?” अक्कांनी आधी त्या भावजयीला तपासायला बोलावलं, मग आजोबांना समजावलं. मला म्हणाल्या, “रागावलं की पुढच्या टायमाला खोटं बोलतेत. मंग त्या खोट्यावर लोकं गोळ्या खाणार.”

अशा अक्कांना पोटाचा आजार झाला, तोही उशिरा कळला. डॉक्टर येवोत, लेक येवो, उत्तर एकच: “बरं हाय.” लेकाला धीर यायचा आणि दुखणं थांबवायचं औषध होतं तेवढंच राहायचं. मला ते बघवेना. एक दिवस खुर्ची सारून मी खाटेवरच त्यांच्याशेजारी टेकले.

“अक्का, काल भाकर किती खाल्ली?”

त्या हसल्या. माझी चाल त्यांनी ओळखली होती.

“रात्री कितींदा उठलात?”

त्यांचे डोळे भरून आले. “झोपलेच न्हाई गं. लय दुखून राह्यलं. लेकाला सांगू नको.”

मी लेकालाही सांगितलं आणि डॉक्टरांनाही. औषध वाढवलं. शेवटचे थोडे दिवस तरी अक्का शांत झोपल्या.

आता बाकड्यावर मी बसते. अक्का गेल्यापासून कशी आहेस, असं येताजाता सगळे विचारतात. मी म्हणते, बरं आहे. ते पुढं जातात. शेजारी टेकून भाकरीचं कुणी विचारत नाही.